वसुंधरा दिन कोणाचा?

२२ एप्रिल १९७० हा लेनिनच्या जन्मशताब्दीचा दिवस होता. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन पाळला जावा, या योगायोगाने तेथील सनातनी मंडळींची झोप उडाली. पर्यावरणाच्या मिषाने कम्युनिस्ट लोक कोवळ्या पोरांची डोकी फिरवीत आहेत, असा गिल्ला त्यांनी केला. तारीख निवडण्यामागचे खरे कारण अगदी साधे होते. तो बुधवार होता. महाविद्यालयांची वसंतातील सुटी संपलेली होती आणि वार्षिक परीक्षा अद्याप सुरू व्हावयाच्या होत्या. विद्यार्थ्यांना एकत्र आणण्यास याहून सोयीचा दिवस नव्हता. सरकारचा संशय मात्र फिटला नाही. त्या दिवशीच्या सभांवर एफबीआय या केंद्रीय तपासयंत्रणेने पाळत ठेवली होती, ही गोष्ट सिनेटर एडमंड मस्की यांनी पुढच्याच वर्षी उघडकीस आणली.

या घटनेला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. वसुंधरा दिनावर पाळत ठेवण्याची गरज आज कोणत्याही सरकारला वाटत नाही. मंत्री रोपे लावतात, शाळकरी मुलांच्या चित्रस्पर्धा होतात, आणि ज्यांच्या धुराड्यांखाली वस्त्या खोकत असतात ते कारखानदार वृत्तपत्रांतून हिरव्या रंगाच्या जाहिराती देतात. साहजिकच डाव्या चळवळीतील अनेक प्रामाणिक कार्यकर्ते या दिवसाकडे सुखवस्तूंचा छंद म्हणून पाहतात आणि पाठ फिरवतात. त्यांचा उबग समजण्यासारखा आहे. परंतु त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्या दिवसाचा जन्म कामगारांच्या पैशाने आणि युद्धविरोधी विद्यार्थ्यांच्या पद्धतीने झाला तो दिवस दुसऱ्यांच्या हाती कसा गेला, हे समजून घेतले तर तो परत कसा घ्यावयाचा हेही उमगेल.

वसुंधरा दिनाच्या आधीचे वर्ष अमेरिकेला हादरे देणारे ठरले. २८ जानेवारी १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा शहरासमोरच्या समुद्रात युनियन ऑइल कंपनीच्या तेलविहिरीचा स्फोट झाला आणि सुमारे तीस लाख गॅलन तेल पाण्यात पसरले. मैलोगणती किनारा काळा झाला. तेलाने माखलेले पक्षी तडफडून मेले. या अपघाताला केवळ निसर्ग जबाबदार नव्हता. विहिरीला पोलादी नळीचे जेवढे अस्तर नियमाप्रमाणे लागते त्यापेक्षा कमी अस्तर चालेल, अशी सवलत सरकारी खात्यानेच कंपनीला दिलेली होती. नळीवरचा खर्च कंपनीने वाचविला आणि त्याची किंमत किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी व रहिवाशांनी भरली. त्याच वर्षी २२ जून रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात कायाहोगा नदी पेटली. तेलाने आणि कारखान्यांच्या घाणीने भरलेली ती नदी त्यापूर्वीही अनेकदा पेटली होती. १९६९ ची आग तर अर्ध्या तासाच्या आत आटोक्यात आली. फरक एवढाच की त्या वेळी क्लीव्हलंडचे महापौर कार्ल स्टोक्स हे होते. मोठ्या अमेरिकन शहराचे महापौरपद भूषविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वार्ताहरांना नदीकाठाने फिरविले आणि घाण कोठून येते ते दाखविले.

मृत्यूंचा इतिहास याहूनही जुना होता. ऑक्टोबर १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोनोरा या पोलाद व जस्त कामगारांच्या गावावर कारखान्यांचा विषारी धूर धुक्यासह पाच दिवस साचून राहिला. सुमारे वीस माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. ज्या कारखान्याने पगार दिला त्यानेच श्वास हिरावून घेतला.

के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर जो ग्रंथ लिहिला त्याचा आशय डोनोराच्या कामगाराला पुस्तकाविना कळला असता. कारखानदाराच्या हिशेबवहीत कच्चा माल, मजुरी, व्याज आणि घसारा यांची नोंद होते. नदीत सोडलेल्या आम्लाची, फुप्फुसात गेलेल्या धुराची आणि मेलेल्या मासळीची नोंद होत नाही. हा खर्च अस्तित्वात नसतो असे नाही. तो दुसऱ्याच्या नावावर टाकलेला असतो. ज्याला आपली बाजू मांडण्याचे बळ नाही त्याच्या नावावर तो सर्वांत सहज टाकता येतो. प्रदूषण हा अशा रीतीने केवळ स्वच्छतेचा प्रश्न राहत नाही, तो वाटपाचा प्रश्न होतो. नफा कोणाकडे जावा आणि नुकसान कोणी सोसावे, हा वाद समाजवाद्यांना नवा नाही.

गेलॉर्ड नेल्सन हे विस्कॉन्सिन राज्याचे डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर. व्हिएतनाम युद्धाच्या वाढीव खर्चाला मे १९६५ मध्ये विरोधी मत देणाऱ्या अवघ्या तीन सिनेटरांपैकी ते एक होते. पर्यावरणाचा प्रश्न राष्ट्रीय राजकारणाच्या मध्यभागी आणण्याची त्यांची धडपड अनेक वर्षे चालू होती आणि ती फारशी सफल झाली नव्हती. १९६९ च्या ऑगस्टमध्ये सांता बार्बराचा तो किनारा पाहून परतताना त्यांना युद्धविरोधी विद्यार्थ्यांच्या ‘टीच-इन’ या प्रघाताची आठवण झाली. मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी रात्रभर युद्धाच्या प्रश्नावर जाहीर चर्चा चालविली होती, आणि तो प्रघात पाहता पाहता देशभर पसरला होता. हेच हत्यार पर्यावरणासाठी वापरावयाचे असे नेल्सन यांनी ठरविले आणि सप्टेंबरमध्ये सिएटल येथे तशी घोषणा केली. विरोधी पक्षाचे प्रतिनिधी पीट मॅक्लोस्की यांना त्यांनी सहअध्यक्ष म्हणून बरोबर घेतले. संघटनेचे काम पंचविशीतल्या डेनिस हेज या विद्यार्थ्याकडे सोपविले.

या संघटनेचे वैशिष्ट्य असे की मध्यवर्ती कचेरीने कार्यक्रम लादला नाही. प्रत्येक गावाने आपला कारखाना, आपली नदी, आपला उकिरडा शोधावा आणि त्याविरुद्ध आपल्या पद्धतीने उभे राहावे, असे ठरले. परिणामी सुमारे दोन कोटी माणसे, म्हणजे देशाच्या लोकसंख्येचा जवळजवळ दहावा हिस्सा, त्या एका दिवशी कोठे ना कोठे सहभागी झाली. न्यूयॉर्कचा फिफ्थ ॲव्हेन्यू वाहनांना बंद करण्यात आला. हजारो शाळा-महाविद्यालयांतून सभा झाल्या.

इतिहासाची जी पाने पुढे गाळली गेली त्यांत मोटार कामगारांचे पान पहिले आहे. युनायटेड ऑटो वर्कर्स ही अमेरिकेतील मोटार कामगारांची बलाढ्य संघटना. तिचे अध्यक्ष वॉल्टर रॉयथर यांनी वसुंधरा दिनाला पैसा दिला, छपाई आणि दूरध्वनी यांचा भार उचलला आणि संघटनेचे वजन त्यामागे उभे केले. या संघटनेविना तो पहिला दिवस फसला असता, असे हेज यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे. येथे क्षणभर थांबून विचार करावा. मोटारींचा धूर हा त्या दिवशीच्या सभांमधील आरोपांपैकी एक मुख्य आरोप होता. ज्यांचे पोट मोटारीवर चालते त्या कामगारांच्या संघटनेने मोटारीच्या धुराविरुद्धच्या चळवळीला आधार दिला. रॉयथर यांचा विचार स्पष्ट होता. कारखान्याच्या आत जो वायू कामगाराच्या छातीत जातो तोच भिंतीबाहेर त्याच्या मुलाच्या छातीत जातो. मग वेतनाची लढाई दारापाशी थांबवून कसे चालेल? वसुंधरा दिनानंतर तीन आठवड्यांच्या आत, ९ मे १९७० रोजी, विमान अपघातात रॉयथर यांचा मृत्यू झाला. त्यांनी जोडलेला हा धागा पुढे सैल पडत गेला, आणि त्याचे नुकसान दोन्ही चळवळींना सोसावे लागले.

दुसरे गाळलेले पान शेतमजुरांचे आहे. सेझर चावेझ यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांतील मजूर १९६५ पासून संपावर होते. जुलै १९७० मध्ये मळेवाल्यांनी जे करार केले त्यांत डीडीटीसारख्या विषारी कीटकनाशकांच्या वापराला बंदी घालणारी कलमे होती. अमेरिकन सरकारने शेतीतील डीडीटीच्या वापराला मनाई केली ती १९७२ साली. रेचेल कार्सन यांच्या १९६२ मधील ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकाने मध्यमवर्गाला जागे केले हे खरेच. परंतु फवाऱ्याखाली उभ्या असलेल्या मजुराने सरकारच्या आधी दोन वर्षे मालकाकडून बंदी लिहून घेतली, हेही तितकेच खरे.

डाव्या गोटातून त्या वेळीही टीका झाली. व्हिएतनाममध्ये बाँबवर्षाव चालू असताना आणि जंगले विषारी रसायनांनी निष्पर्ण केली जात असताना देशातल्या कचऱ्यावर सभा कसल्या घेता, असा सवाल वॉशिंग्टनच्या त्या दिवशीच्या सभेत ज्येष्ठ पत्रकार आय. एफ. स्टोन यांनी व्यासपीठावरूनच केला. टीका निराधार नव्हती. आठ दिवसांनीच, ३० एप्रिल रोजी, अध्यक्ष निक्सन यांनी कंबोडियात सैन्य घुसविल्याची घोषणा केली. लोकांचे लक्ष युद्धावरून उडवावयास सत्ताधाऱ्यांना पर्यावरण सोयीचे वाटले असेल, ही शंका रास्त होती. परंतु त्यावरून हा प्रश्नच खोटा होता असे सिद्ध होत नाही. सत्ताधारी ज्याचा सोयीपुरता वापर करू पाहतात तो प्रश्न लोकांचाही असू शकतो. तो त्यांच्या हाती सोडून देणे ही चूक असते.

वसुंधरा दिनाने नेमके काय साधले, याचा हिशेब भावनेने मांडू नये. राष्ट्रीय पर्यावरण धोरणाचा कायदा त्या दिवसाआधीच, १ जानेवारी १९७० रोजी, मंजूर झालेला होता. म्हणजे सगळे श्रेय एका दिवसाला देणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. परंतु त्यानंतर जे घडले त्याचा वेग त्या दिवसाविना समजत नाही. त्या दिवसाच्या संघटकांनी सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळल्या नाहीत. पर्यावरणाविषयी सर्वांत वाईट मतदान केलेल्या बारा लोकप्रतिनिधींची यादी त्यांनी केली आणि १९७० च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध प्रचार केला. बारांपैकी सात पडले. प्रतिनिधिगृहाच्या सार्वजनिक बांधकाम समितीचे अध्यक्ष जॉर्ज फॅलन हे त्यांतले एक. वॉशिंग्टनमधील अनेकांना पर्यावरणाचे महत्त्व त्या निकालानंतर एकाएकी पटले.

त्याच डिसेंबरमध्ये पर्यावरण संरक्षण संस्था अस्तित्वात आली. कामगारांच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा कायदा २९ डिसेंबरला, आणि स्वच्छ हवेचा कायदा ३१ डिसेंबरला, अध्यक्षांच्या सहीने पक्का झाला. कारखान्याच्या आतली हवा आणि बाहेरची हवा यांचे कायदे दोन दिवसांच्या अंतराने आले, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९७२ साली स्वच्छ पाण्याचा कायदा आला तो निक्सन यांचा नकाराधिकार झुगारून. १९७३ साली नामशेष होऊ घातलेल्या प्राणिजातींच्या रक्षणाचा कायदा झाला.

या कायद्यांनी उद्योग बुडतील आणि कामगार देशोधडीला लागतील, असे भविष्य त्या वेळी वर्तविले गेले. १९७० ते २०२० या पन्नास वर्षांत अमेरिकेतील सहा मुख्य वायुप्रदूषकांचे एकत्रित उत्सर्जन तीन-चतुर्थांशांहून अधिक घटले आणि त्याच काळात देशाचे राष्ट्रीय उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. पेट्रोलमधील शिसे टप्प्याटप्प्याने हद्दपार झाले आणि मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण सत्तरच्या दशकाच्या तुलनेत दहाव्या हिश्शाच्याही खाली आले. याचा अर्थ कोणत्याही कामगाराची नोकरी गेली नाही असा नव्हे. काही जुने कारखाने बंद पडले, आणि तेथील कामगारांना पर्यायी काम देण्याची जबाबदारी घेण्यास ना मालक पुढे आला ना सरकार. मालकांनी या भीतीचा वापर शस्त्रासारखा केला. नोकरी हवी असेल तर धूर सोसा, हा त्यांचा सौदा होता. तेल, रसायन व अणुउद्योगातील कामगारांचे नेते टोनी मॅझोची यांनी तो सौदा नाकारला. १९७३ साली शेल कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतील कामगार आरोग्य आणि सुरक्षिततेच्या मागणीसाठी संपावर गेले तेव्हा अनेक पर्यावरण संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. प्रदूषक उद्योगातून बाहेर पडणाऱ्या कामगाराचे उत्पन्न आणि शिक्षण यांची हमी समाजाने घ्यावी, ही मागणी मॅझोची यांनी पुढे लावून धरली. न्याय्य स्थित्यंतर या नावाने आज जगभर जी चर्चा चालते तिचे मूळ या मागणीत आहे.

मग दिवस हातातून गेला कसा? त्याचे उत्तर पहिल्या वाढदिवसापासूनच मिळू लागते. १९७१ च्या वसुंधरा दिनी अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर एक जाहिरात झळकली. रस्त्यावरचा कचरा पाहून एका आदिवासी पुरुषाच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतो, आणि प्रदूषण माणसेच करतात व माणसेच ते थांबवू शकतात, असा उपदेश ऐकू येतो. जाहिरात देणाऱ्या संस्थेमागे बाटल्या आणि डबे बनविणाऱ्या व भरणाऱ्या कंपन्या होत्या. रिकाम्या बाटल्या परत घेण्याचे बंधन घालणाऱ्या कायद्यांना याच उद्योगाचा विरोध होता. अश्रू ढाळणारा नटही मूळचा इटालियन वंशाचा होता. बाटली एकदाच वापरून फेकण्याजोगी कोणी बनविली, हा प्रश्न पडद्याआड गेला आणि ती रस्त्यावर कोणी टाकली, एवढाच प्रश्न उरला. गुन्हेगाराने फिर्यादीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, तसा हा प्रकार होता.

तेव्हापासून हीच रीत पडली. १९९० साली वसुंधरा दिन १४१ देशांत पोहोचला आणि सुमारे वीस कोटी लोकांनी तो पाळला. प्रसार वाढला, पण मागणी पातळ झाली. दिवे बंद करा, पिशवी घरून न्या, नळ नीट बंद करा, हे उपदेश चूक नाहीत; परंतु वीज कोळशावर का बनते आणि पिशवीचे प्लास्टिक कोण बनवितो, हे विचारावयाचे टाळून केलेला उपदेश मालकाच्या पथ्यावर पडतो. प्रत्येकाने आपापला कार्बनचा वाटा मोजावा, ही कल्पना सामान्य लोकांत रुजविण्यासाठी शतकाच्या आरंभी मोठी मोहीम चालविली ती बीपी या तेलकंपनीने. याच कंपनीसाठी मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर खणणारा डीपवॉटर होरायझन हा तरंगता मनोरा २० एप्रिल २०१० रोजी स्फोटाने पेटला. अकरा कामगार ठार झाले. दोन दिवस जळून तो समुद्रात बुडाला. तो दिवस २२ एप्रिल, वसुंधरा दिनाचा चाळीसावा वाढदिवस, होता.

त्याच दिवशी बोलिव्हियातील कोचाबांबा येथे वेगळे दृश्य दिसत होते. बोलिव्हियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ साली २२ एप्रिल हा दिवस धरणीमातेचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून मान्य केला होता. पुढच्या वर्षी त्या देशाने हवामानबदलावर जगातील लोकचळवळींची परिषद भरविली आणि तिचा समारोप २२ एप्रिल रोजी झाला. आदिवासी आणि शेतकरी संघटनांनी तेथे श्रीमंत राष्ट्रांकडे हवामानाच्या ऋणाची परतफेड मागितली. दिवस परत मिळविता येतो, याचे हे उदाहरण आहे.

अमेरिकन चळवळीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांची झळ भारतापर्यंत पोहोचली आहे. १९७२ च्या आदेशाने देशात डीडीटी वापरण्यास मनाई झाली. निर्यातीसाठी ते बनविणे मात्र पुढेही चालू राहिले. स्वतःचे अंगण झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटण्याची ही रीत. भांडवलाला सीमा नसतात, कायद्याला असतात. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली, तेव्हा या विषमतेचा अर्थ जगाला कळला. टाकीत काय साठविले आहे आणि ते अंगावर आले तर काय करावे, हे भिंतीबाहेरच्या वस्तीला कोणी सांगितलेच नव्हते. भोपाळच्या धक्क्याने १९८६ साली अमेरिकेत कायदा झाला, आणि कोणत्या कारखान्यातून कोणते विष किती सुटते हे दरवर्षी जाहीर करणे तेथील कंपन्यांना भाग पडले. माहितीच्या त्या हक्काची किंमत भोपाळच्या झोपडपट्टीने मोजली आहे.

भारतातही १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला, आणि १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. धोक्यांची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देण्याचे बंधन मालकावर आले. सुरक्षा समितीत कामगारांना स्थान मिळाले. हा कायदा जेवढा वापरावयास हवा होता तेवढा कामगार संघटनांनीही वापरला नाही, हे कबूल करावयास हवे. त्याची जागा घेणारी नवी श्रमसंहिता २०२० साली संमत झाली व नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ‘कारखाना’ ठरण्यासाठी लागणारी किमान कामगारसंख्या वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० वरून २० आणि वीज न वापरणाऱ्या ठिकाणी २० वरून ४० करण्यात आली. विष मात्र कामगारांची डोकी मोजून आपला जोर कमी करीत नाही.

अमेरिकेतही मिळविलेले टिकून राहील अशी खात्री उरलेली नाही. २२ एप्रिल २०१६ रोजी १७५ पक्षकारांनी पॅरिस करारावर सह्या केल्या; वसुंधरा दिनाचा तो मोठा सन्मान मानला गेला. त्यातून अंग काढून घेण्याची घोषणा अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०१७ साली केली आणि मधल्या काळात देश परत आल्यावर २०२५ साली पुन्हा केली. सह्या समारंभात होतात. त्या पाळावयास लावणारी शक्ती समारंभाबाहेर उभी करावी लागते. १९७० साली ती मोटार कामगारांच्या कचेरीत, द्राक्षमळ्यात आणि मतपेटीत होती.

तेव्हा येत्या २२ एप्रिलला पक्षाच्या शाखांनी काय करावे? रोपे लावावयास हरकत नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना पाणी घालणारा नेमावा म्हणजे झाले. परंतु त्याआधी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील एक कारखाना, एक खाण किंवा एक नाला निवडावा. तेथून काय सोडले जाते, त्यास परवानगी कोणी आणि कोणत्या अटींवर दिली, आणि त्या अटी पाळल्या जातात काय, ही माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागवावी. आत काम करणाऱ्या कामगारांची आणि बाहेर राहणाऱ्या कुटुंबांची बैठक एकाच सतरंजीवर घ्यावी. कारखाना सुधारताना किंवा बंद होताना कामगाराच्या रोजगाराची हमी ही मागणी प्रदूषण थांबविण्याच्या मागणीबरोबर एकाच कागदावर लिहावी. आणि निवडणूक आली की त्या कागदावर उमेदवाराने काय उत्तर दिले ते गावागावात वाचून दाखवावे. १९७० च्या संघटकांनी बारा नावांची यादी केली होती. एका जिल्ह्यापुरती दोन-तीन नावे काढणे फार अवघड नसावे.